सडपातळपणाचे वेड व मुलींचे आरोग्य

शाळेच्या वार्षिकात कोणत्या विषयांवर लिहावे आणि कोणते विषय टाळावे यासंबंधी एक अलिखित संकेत असतो. सहल, क्रीडासामने, स्नेहसंमेलन, परीक्षेचा निकाल हे विषय सर्वांस प्रिय. परंतु मुलींच्या शरीरधर्माचा विषय निघाला की पाने उलटली जातात आणि आवाज खाली येतो. आज आम्ही हा संकेत जाणूनबुजून मोडीत आहो. आमच्या काही पालकांस हे अप्रशस्त वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि ज्या गोष्टीमुळे आमच्या मुलींचे नुकसान होत आहे, ती गोष्ट केवळ लज्जेस्तव अनुच्चारित ठेवावी, हे आम्हांस शिक्षकधर्मास धरून वाटत नाही. म्हणून सूज्ञ वाचकांची क्षमा मागून आम्ही प्रस्तुत विषयास हात घालतो.

मधल्या सुटीत वर्गावर्गातून एक फेरी मारली तर एक विलक्षण गोष्ट नजरेस पडते. मुलगे डबा उघडतात आणि पाच मिनिटांत रिकामा करून मैदानाकडे धावतात. वरच्या इयत्तांतील काही मुली मात्र डबा उघडतात, भाकरीचा एक तुकडा मोडतात, आणि झाकण पुन्हा घट्ट लावतात. कोणी मैत्रिणीस देते, कोणी कुत्र्यास घालते, कोणी तसाच परत नेते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, “बाई, भूक नाही.” ही भूक नाही कशी? सकाळच्या गाडीने रोह्याहून पेणेस आलेल्या, किंवा गावाकडून मैलभर चालत एस. टी. गाठणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस दुपारी भूक नाही, हे आम्हांस पटत नाही. भूक आहे; ती दाबली जात आहे. आणि ती दाबण्याचे कारण म्हणजे सडपातळ दिसण्याचे वेड होय.

हे वेड कोठून आले, हे शोधण्यास फार लांब जावयास नको. प्रत्येक घरात आज फोन आहे आणि त्याच्या पडद्यावर दिवसभर कृश देहांची मिरवणूक चालू असते. त्या चित्रांतील कित्येक कंबरा यंत्राच्या साहाय्याने बारीक केलेल्या असतात, ही गोष्ट पाहणारीच्या ध्यानी येत नाही. त्याच पडद्यावर कोणी पंधरा दिवसांत दहा किलो वजन उतरविण्याचा तक्ता देतो. कोणी केवळ लिंबूपाणी पिऊन राहण्यास सांगतो. कोणी भात-भाकरीस शत्रू ठरवितो. त्यात घरच्यांची भर पडते. लग्न ठरले की “आता जरा बारीक हो” असे सांगणारी मावशी आपल्याच घरात असते; आणि स्नेहसंमेलनाच्या नृत्यात जाड मुलीस मागच्या रांगेत उभी करणारे आम्ही शिक्षकही निर्दोष नाही. हे आम्ही प्रथम कबूल करतो.

गेल्या वर्षी आमच्या वरच्या वर्गातील एका मुलीस मैदानावर घेरी आली. तिचे नाव आम्ही देत नाही. तिच्या व तिच्या आईच्या संमतीनेच एवढे लिहीत आहो. चौकशी करता कळले की, चार महिन्यांपासून ती सकाळी फक्त चहा व रात्री अर्धी भाकरी एवढ्यावर राहत होती, आणि तेवढ्याच काळात तिची मासिक पाळीही बंद झाली होती. तिने ते कोणास सांगितले नाही. उलट, महिन्याची कटकट गेली म्हणून तिला बरेच वाटत होते. पुढे आईच्या लक्षात आले तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी भलताच संशय घेतला, आणि त्या निरपराध पोरीस आठ दिवस जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहिण्याजोगे नाही. अखेर आई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “बाळ, तू दिवसभरात खातेस काय?” त्या एका प्रश्नाने सारे कोडे सुटले. ती आई नंतर आम्हांस म्हणाली, “बाई, मला कोणी आधी सांगितले असते तर मी पोरीला बोलले नसते.” तिच्या त्या वाक्यामुळेच हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले.

आता न खाण्याचा आणि पाळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध समजण्यास वैद्यकाची पदवी नको. आपल्याकडील शेतकऱ्याच्या घराचा दृष्टांत पुरेसा आहे. भाताचे पीक बुडाले आणि कणगीत दाणे थोडे उरले, तर घरची शहाणी गृहिणी काय करते? ती चूल विझवीत नाही. परंतु पाहुण्यांचे आमंत्रण, नव्या खोलीचे बांधकाम, लग्नकार्य, हे सर्व ती पुढल्या सुगीवर टाकते. शरीरही तेच करते. अन्न कमी पडू लागले की हृदय, मेंदू, श्वास यांची चूल ते चालू ठेवते. पण नवा जीव वाढविण्याची तयारी हा मोठ्या खर्चाचा विषय असल्यामुळे तो सर्वांच्या आधी तहकूब करते. पाळी बंद होणे ही त्या तहकुबीची नोटीस होय.

शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. तो ठरावीक अंतराने संदेश सोडतो. त्या संदेशाने पिट्युटरी ग्रंथी जागी होते. ती बीजकोशांस आज्ञा देते. आणि बीजकोश दरमहा एक बीज पक्व करून इस्ट्रोजेन आदी रस रक्तात सोडतात. या साखळीची पहिली कडीच अन्नावर अवलंबून आहे. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा एक रस निर्माण करतात, आणि भांडारात किती शिल्लक आहे याची वर्दी तो मेंदूस देतो. हा रस १९९४ साली अमेरिकेत डॉ. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. भांडार रिते होऊ लागले की ही वर्दी क्षीण होते, हायपोथॅलॅमसचे संदेश मंदावतात, आणि पुढची सारी साखळी थंड पडते. यासाठी मुलगी अगदी हाडांचा सापळा व्हावी लागते असेही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील संशोधिका ॲन लाउक्स यांनी असे दाखविले की, व्यायामात खर्च होणारी शक्ती वजा जाता चरबीविरहित शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ३० उष्मांकांहून (कॅलरींहून) कमी उरले, तर निरोगी तरुणींतही अवघ्या पाच दिवसांत हे संदेश बिघडू लागतात. म्हणजे बाहेरून सर्व काही ठीक दिसत असताना आतील घड्याळ चुकू लागलेले असते. कधी कधी पाळी येत राहते, परंतु बीज मात्र पक्व होत नाही.

इतिहासानेही ही साक्ष मोठ्या दुःखाने दिलेली आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली गेली आणि शहरांतील शिधा दररोज हजार उष्मांकांच्याही खाली घसरला. तेथील स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांची पाळी थांबली, आणि नऊ महिन्यांनंतर जन्मांची संख्या नेहमीच्या निम्म्याच्या आसपास उतरली. अन्न आले, तशी जन्मसंख्याही पुन्हा चढली. आपल्या मुंबई इलाख्यात १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या पाठोपाठ जन्माच्या नोंदी अशाच रोडावल्या होत्या. त्यांपैकी १८९९-१९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो उपाशी मुलींस आसरा दिला, हे आमच्या विद्यार्थिनींस ठाऊकच आहे. त्या मुलींस अन्न मिळाले नाही म्हणून त्यांची शरीरे सुकली. आज आमच्या मुलींपुढे अन्न आहे आणि त्या आपण होऊन दुष्काळ ओढवून घेत आहेत! मेंदूतील त्या लहानशा भागास मात्र दुष्काळाचे कारण समजत नाही. पाऊस पडला नाही की पडद्यावरील तक्ता पाळला, हे तो पाहत नाही. भांडार रिते आहे एवढेच त्यास कळते.

याच संदर्भात आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहण्याचे व्रत घेतले. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास धर्मबुद्धीने नकार देणारे होते. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांस पुन्हा कसे पोसावे, हे शास्त्रास कळावे म्हणून त्यांनी आपली शरीरे देऊ केली. सहा महिने त्यांस रोज सुमारे १६०० उष्मांकांचे अन्न मिळे. त्यांचे वजन सुमारे चौथाईने उतरले; त्यांस थंडी वाजे, चिडचिड होई, अभ्यासात लक्ष लागेना; दिवसरात्र जेवणाचेच विचार येत; आणि विवाह-संसाराविषयीची तारुण्यसुलभ ओढही मावळली. आता वाचकांनी एवढेच लक्षात घ्यावे की, ज्या १६०० उष्मांकांस त्या शास्त्रज्ञांनी उपासमार म्हटले, त्याहूनही कमी, हजार-बाराशे उष्मांकांचे तक्ते आमच्या वाढत्या वयाच्या मुली निमूटपणे पाळीत असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीस रोज सुमारे २४०० आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीस सुमारे २५०० उष्मांक लागतात. हा हिशेब कोणीही मांडून पाहावा.

पाळी बंद झाली तर बिघडले काय, त्रास वाचला, असे म्हणणाऱ्या मुली आम्हांस भेटल्या आहेत. त्यांस आमचे उत्तर असे आहे. इस्ट्रोजेन हा रस केवळ गर्भाशयासाठी नाही. हाडे बळकट करण्याचे कामही तोच करतो. मुलींच्या हाडांची बहुतेक भरती अठराव्या वर्षापर्यंत होऊन जाते. या वयात इस्ट्रोजेन आटले, तर हाडांच्या पेढीत जमा होणारी रक्कम कायमची बुडते. पुढे नीट जेवण घेतल्यास बहुधा पाळी परत येते, अपत्यप्राप्तीही होऊ शकते, हा मोठाच दिलासा आहे. परंतु हाडांची ती तूट पुढे पूर्णपणे भरून येईलच, असे मात्र नाही. खेळताना सहज हाड मोडणे, आणि उतारवयात पाठीस बाक येणे, ही त्या जुन्या कर्जाची वसुली होय.

मातृत्वाचा प्रश्नही टाळता येत नाही. प्रत्येक मुलीने आई व्हावेच, असा आमचा आग्रह नाही. तो निर्णय तिचा. परंतु तो निर्णय घेण्याचे सामर्थ्य तिच्या शरीरात शाबूत असावे, एवढे तर आपण सर्वजण इच्छितो. बीज पक्व न झाल्याने गर्भ राहण्यास अडचण येते. राहिला तरी कृश व रक्तहीन मातेचे बालक अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा संभव वाढतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात हेच उघड झाले. लहानखुऱ्या, कृश मातांची बाळे वजनाने कमी. आणि नवल असे की, त्या हलक्या बाळांच्या अंगात मांस कमी पण चरबी मात्र टिकून असते. असे बाळ मोठेपणी मधुमेहाकडे झुकते. त्याच अभ्यासात असेही आढळले की, ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचे सेवन अधिक करीत, त्यांची बाळे अंगाने भरलेली असत. माता जेवते ते एका पिढीपुरते नसते, हा याचा मथितार्थ.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वजन कमी करणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के प्रमाणापेक्षा कृश, तर सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल आढळल्या. आणि निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे एकाच गावात, क्वचित एकाच घरात, दोन्ही प्रकारचे दुखणे नांदत आहे. अतिस्थूलतेनेही पाळी बिघडते, बीजकोशाच्या ‘पी. सी. ओ. एस.’ नावाच्या विकारात डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे वजन उतरविल्यास गुण येतो. तद्वतच प्रत्येक अनियमित पाळीचे खापर उपासमारीवर फोडणेही चूक होईल; पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, आणि थायरॉइडसारखी अन्य कारणेही असू शकतात. आमचा रोष मिताहारावर नाही, अतिरेकावर आहे. अति तेथे माती, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही.

कोणी असाही आक्षेप घेतील की, आपल्या आज्या-पणज्या आयुष्यभर उपासतापास करीत आल्या, त्यांस काय झाले? आमच्या शाळेत नवरात्र करणारी मुले आहेत, रोजा ठेवणारी आहेत, ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस पाळणारी आहेत. पेणेस व रोह्यास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल कुटुंबांतही प्रायश्चित्ताच्या दिवशी कडक उपवास पाळण्याची चाल आहे. या सर्व व्रतांस एक आरंभ असतो व एक अंत असतो. उपवास सुटला की घरची सर्व माणसे एकत्र बसून आनंदाने जेवतात. आणि आजारी माणसास, गर्भवतीस व लहान मुलास बहुतेक सर्व धर्मांनी सवलत दिलेली आहे. आरशापुढे आरंभलेल्या उपवासास मात्र पारणे नाही. पाच किलो उतरले की आणखी पाच हवे असतात. व्रत माणसास नम्र करते. हे वेड माणसास स्वतःच्याच देहाचा तिरस्कार करावयास शिकविते. ईश्वराने सोपविलेल्या ठेवीचा तिरस्कार करणे, यास आम्ही तपश्चर्या म्हणू शकत नाही.

शिवाय आमच्या या दोन तालुक्यांत भूक म्हणजे काय, हे जाणणारे लोक आमच्या शेजारीच आहेत. डोंगरकडेच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीच्या कामास घरदार सोडून जातात. त्या आयांच्या पोटी पडणारा उपवास त्यांनी निवडलेला नसतो. त्यांस निदान गरोदरपणी एक वेळचे पूर्ण गरम जेवण मिळावे म्हणून राज्याच्या आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजना चालविण्यात आली. एकीकडे शासनाने ताट भरून द्यावे, आणि दुसरीकडे भरले ताट मुलीने गुपचूप कुत्र्यापुढे ठेवावे, हे दृश्य पाहून कोणाचेही मन विषण्ण होईल. आम्ही हे मुलींस लाजविण्यासाठी लिहीत नाही. पोटभर अन्न हे केवढे भाग्य आहे, याची आठवण असावी म्हणून लिहितो.

खेळाडू मुलींविषयी स्वतंत्र दोन शब्द लिहिणे इष्ट आहे. आमच्या जिल्ह्यास कबड्डीचे किती वेड आहे, हे सांगावयास नको. सामन्यापूर्वी वजनगटात बसण्यासाठी दोन दोन दिवस उपाशी राहणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. रात्रभर वजन उतरविण्याची शर्थ करूनही सकाळी काट्यावर सुमारे १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती बाद ठरली. त्यानंतर तिला पाण्याअभावी आलेल्या क्षीणतेमुळे उपचार घ्यावे लागले. तिच्या भोवती वैद्य होते, मार्गदर्शक होते. आमच्या चौदा वर्षांच्या खेळाडूभोवती कोण आहे? श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले तर पाळी, हाडे, हृदय व मन ही सर्वच कशी बिघडतात, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली एका निवेदनाद्वारे जगापुढे मांडले आहे. म्हणून क्रीडाशिक्षकांस आमची विनंती आहे की, मुलीस उपाशी ठेवून खालच्या गटात बसविण्यापेक्षा जेवू घालून वरच्या गटात उतरवावे. सामना हरला तरी चालेल.

आता उपाय काय? तो महागडा नाही, किंवा पुण्या-मुंबईहून आणावयाचाही नाही. तो आपल्याच माजघरात आहे. नाचणीच्या भाकरीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. वालाच्या बिरड्यात व कुळथाच्या पिठल्यात प्रथिने. जवळा, सुकट, बोंबील हे तर गरिबाघरचे उत्तम अन्न. पावसाळ्यात टाकळा, अंबाडी, शेवग्याचा पाला फुकट उगवतो. हिवाळ्यात शेतात भांबुर्ड्याच्या पाल्यात लावलेली पोपटी, वालाच्या शेंगा व अंडी यांसह, यासारखे पौष्टिक जेवण कोणत्या तक्त्यात आहे? पेणेचे पोहे ज्यांनी सर्वत्र पोहोचविले, त्या गावच्या मुलींनी सकाळी उपाशी शाळेत यावे, हे नवल नव्हे काय? पोह्यांवर लिंबू पिळले तर अन्नातील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. एवढी लहानशी गोष्टही पुष्कळ काम करते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी टाकून देऊ नये. परंतु ती गोळी म्हणजे जेवण नव्हे, हेही विसरू नये.

पालकांस आमचे सांगणे एवढेच. मुलीच्या पाळीची विचारपूस आईने लाज न धरता करावी. वर्षाची एक साधी वही ठेवली तरी पुरे. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरावे वर्ष संपत आले तरी ती सुरूच झाली नाही, तर भलता तर्क न करता मुलीस डॉक्टरांकडे न्यावे. पेणेस व रोह्यास शासकीय उपजिल्हा रुग्णालये आहेत. तेथे जाण्यात कमीपणा नाही. घरात सर्वांत शेवटी व उरलेले जेवण्याची जी रीत आया पाळतात, ती त्यांनी मुलीदेखत सोडावी. कारण मुली उपदेशापेक्षा आईचे ताट पाहून शिकतात. आणि मुलगी अन्नाचा द्वेष करू लागली, जेवून उलट्या काढू लागली, आरशापुढे रडू लागली, तर तो हट्ट समजू नये. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यास उपचार आहेत. अशा वेळी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलता येते.

मुलग्यांसही एक शब्द. वर्गातील एखाद्या मुलीस ‘जाडी’ म्हणून हाक मारणे तुम्हांस विनोद वाटत असेल. त्या एका हाकेने कोणाचा डबा किती दिवस बंद राहिला, हे तुम्हांस कधीच कळत नाही. असा विनोद आमच्या शाळेच्या आवारात यापुढे ऐकू येऊ नये. आम्ही शिक्षकही सर्वांदेखत वजन घेऊन ते मोठ्याने वाचणार नाही, आणि नृत्यातील पहिली रांग यापुढे कंबर पाहून ठरविणार नाही, असे वचन येथे लिहून देत आहो.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव आहे. दरवर्षी येथून हजारो मूर्ती देशोदेशी जातात. येथील मूर्तिकार त्या मूर्तीचे पोट कधी आत ओढून घेत नाही. तो ते समाधानाने भरलेले करतो आणि लोक त्यापुढे हात जोडतात. त्याच गावात आपल्या पोरींस आपल्या पोटाची लाज वाटावी, यात दोष पोरींचा कमी आणि आपणा सर्वांचा अधिक. तो दोष दूर करण्यास मोठी चळवळ नको. उद्या मधल्या सुटीत तुमची मुलगी, तुमची बहीण, तुमची मैत्रीण डबा उघडील, तेव्हा तिच्याशेजारी बसून तिच्याबरोबर जेवा. ज्या मुलीची हकीकत आम्ही वर सांगितली, ती सहा महिन्यांत बरी झाली. तिची पाळी पूर्ववत झाली आणि यंदा ती पुन्हा मैदानावर धावली. तिचा डबा आता रोज रिकामा घरी जातो. या वर्षात शाळेने अनेक ढाली व पेले जिंकले. परंतु तो रिकामा डबा आम्ही त्यांहून कमी मोलाचा मानीत नाही.